डावा हात

डूख धरणं वाईट, असं मला लहानपणापासून सांगितलं गेलंय. मी धरते. इथे अमेरिकेत, नोव्हायजवळच्या कॅम्पग्राउंडवर एका मराठी ताईंनी माझा पाणउतारा केला, त्याचा मी वर्षभर धरला.

मुलगी कॉलेजला गेली आणि घर खायला उठलं, म्हणून आम्ही नवरा-बायको स्क्वेअर डान्सच्या क्लबात शिरलो. चार जोड्यांनी चौकोन करून उभं राहायचं, माइकवर कॉलर हुकूम सोडतो तसे हात धरत, सोडत फिरायचं. उन्हाळ्यात क्लबाचे वीकेंड कॅम्प असतात. दिवसा गप्पा आणि प्रत्येकाने काहीतरी करून आणायचं असं पॉटलक जेवण, संध्याकाळी मोठ्या शेडमध्ये नाच. आमचा साधा तंबू होता. ताईंची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घरच, आमच्या पहिल्या अपार्टमेंटपेक्षा मोठी. त्या इथे खूप वर्षं आहेत, आणि ते कुणाला विसरू देत नाहीत. क्लबात मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. म्हणून पहिल्याच कॅम्पला मी हौसेने त्यांच्या चौकोनात उभी राहिले.

कॉलरने डावा हात द्यायला सांगितला. मी उजवा दिला. देता-घेताना डावा हात पुढे केला की आईची चापटी बसायची. परक्या माणसाच्या हातात तो द्यायला मन धजेना. पुन्हा हुकूम आला, पुन्हा उजवाच गेला. माणसं एकमेकांवर आदळली. बाकीचे हसले, एका आजोबांनी माझा डावा हात धरून दाखवला. ताई मात्र थांबल्या आणि सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाल्या, की हिच्याबरोबर नाचणं अशक्य आहे. मग मला मराठीत, "सॉरी हं, पण आधी घरी प्रॅक्टिस करून ये ना. आमचा वीकेंड का स्पॉइल करतेस?" आणि नवऱ्याला घेऊन चालत्या झाल्या. चौकोन मधेच सोडून जाणं ही या नाचातली सगळ्यात मोठी असभ्यता, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. मी तंबूत जाऊन रडले. रडून झाल्यावर नुसता संताप उरला.

वर्षभर गॅरेजमध्ये खुर्च्यांना माणसं समजून नाचले. फ्रिज, कपाटं, गाडीचं दार, सगळं डाव्या हाताने उघडायचं ठरवलं.

"आई, यू आर ऑब्सेस्ड," मुलगी फोनवर म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी एकदाही चुकले नाही. लोक आपणहून मला चौकोनात बोलवायला लागले. ताईंचा तो शेवटचा कॅम्प होता. आरव्ही विकून त्या कायमच्या मुलाकडे, मॉरिसव्हिलला चालल्या होत्या. निरोपाच्या नाचाला त्यांच्या चौकोनात एक जोडी कमी पडली. अशा वेळी एक बोट वर करायचं आणि जी जोडी मोकळी असेल तिने उठायचं, अशी इथली रीत. त्यांनी बोट वर केलं. शेडमध्ये मोकळी जोडी एकच होती.

"अगं, ये ना गं, प्लीज," त्या म्हणाल्या. "माझा लास्ट डान्स आहे."

नवरा उठायला लागला. मी त्याची बाही ओढून त्याला खाली बसवलं.

संगीत सुरू झालं. बाकीचे चौकोन फिरायला लागले, आणि ताई बोट वर करून तशाच उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आलेले मला खुर्चीतून स्पष्ट दिसले. मी चहाचा कप उजव्या हातात घेतला आणि डावा हात हलवून त्यांना टाटा केला.