सुमनच्या बांगड्यांचं माप

मंगळवार, सकाळ. हजर : मी, माझी धाकटी बहीण सुमन आणि तिच्या मुलीच्या लग्नाच्या बांगड्या भरायला आलेल्या कासारीणबाई.

बाईंनी सुमनच्या गोल चेहऱ्यावरूनच अंदाज बांधून मोठ्या मापाच्या बांगड्या काढल्या. त्या थेट कोपरापर्यंत घसरल्या.

"अगं बाई, तोंड भरलंय आणि हात वाळलेत."

"मेंदूचं औषध आहे, मावशी," सुमन हसली. "पत्ता चुकून गालावर राहायला गेलंय."

मेंदूची सूज उतरावी म्हणून ती स्टिरॉइडच्या गोळ्या घेते. सुजेमुळे येणाऱ्या फिट थांबल्या, पण तेच औषध चेहरा फुगवतं, हाडं पोखरतं, दंड सुकवतं. मेंदूतल्या नेमक्या जागीच काम करेल असं स्टिरॉइड घडवायचे प्रयत्न चालू आहेत, असं डॉक्टर सांगतात. तसं औषध येईपर्यंत एका खोलीतली आग विझवायला आम्ही सगळं घर भिजवतो आहोत.

लहान मापाच्या बांगड्या बसल्या. सुमन हळूच म्हणाली, "ताई, लग्नापुरती गोळी बंद ठेवू या. फोटोत पोरीला तिची आई दिसू दे."

गोळी बंद केली तर मांडवातच फिट येईल. तिला नाही म्हणायचं अजून राहिलं आहे.