सातवीतला कॉम्प्युटर

सुट्टीत घरी आलो, तर कॉम्प्युटरवर पंचांगाची जुनी साइट उघडत होती, माझ्या कॉलेजची मात्र उघडेना. तिथला माझा पदवीदानाचा फोटो आई रोज बघते. आमच्या घरातली ती पहिलीच पदवी.

"परत तर नाही ना घेतली रे त्यांनी?" तिनं हळूच विचारलं.

राउटर बंद करून चालू केला, वायर तपासली. मग तारखेकडे लक्ष गेलं. तारीख-वेळ सांभाळणारा आतला सेल संपल्यानं कॉम्प्युटर तो बनला त्या, म्हणजे माझ्या सातवीच्या वर्षात जाऊन बसला होता, आणि तारीख चुकली की कॉलेजच्यासारख्या सुरक्षित साइट उघडत नाहीत. मला त्याचा राग येईना. या घरात पाऊल टाकलं की मीही तिथंच पोचतो.

तारीख दुरुस्त केली. फोटो आला. आईनं पदरानं स्क्रीन पुसली, डोळे भरून बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आता दूध पी बघू आधी. तुला आवडत नाही म्हणून साय काढलीय."