दीड भाकरीचा तक्ता

जात्याचा खुंटा हातातून सुटला आणि आक्का बाजूला कलंडली. सातवा महिना चालू होता. मी तोंडावर पाणी मारलं, तरी डोळे उघडेनात. पलीकडच्या खोलीत तिचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर, मोठ्यानं सूर्यनमस्कार मोजत होते. मी हाक मारली तर म्हणाले, "थांब गं, आकडा चुकंल!"

असा माणूस सगळ्या बेळगावात दुसरा नव्हता. भाऊजी कचेरीत कारकून. खडेबाजारात रद्दीच्या ढिगात त्यांना व्यायामाचं इंग्रजी पुस्तक सापडलं आणि आमच्या घरात कॅलरी शिरली. कुठल्या हालचालीनं अंगातलं किती अन्न जळतं ते त्यात होतं म्हणे. भाऊजींनी ते सगळं भाकरीत बसवलं आणि तक्ता स्वयंपाकघरात डकवला. पिरनवाडीपर्यंत चालून आलं की एक भाकरी जळाली. वाटेत कुणी भेटून उभं राहावं लागलं तर चतकोर वजा. साहेबाशी वाद होऊन घाम फुटला, तोही टिपलेला. फिरायच्या आधी आणि नंतर लाकडाच्या वखारीत जाऊन ओंडक्यांच्या काट्यावर बसायचे. वखारवाला विचारायचा, "अण्णा, तुमाला जळाऊत धरू का इमारतीत?" भाऊजी न हसता वजन लिहून घ्यायचे.

लढाईचे दिवस, ज्वारी रेशनवर. जळेल तेवढंच खायचं, असा त्यांनी नियम केला. त्यांना तीन भाकऱ्या, आम्हा बायकांना दीड. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. मी दाराआडून विचारलं, "आणि दळण? विहिरीचं पाणी?"

"ते काम झालं. पुस्तकात व्यायाम दिलाय."

पोटुशीला तर रकानाच नव्हता. आक्का नवऱ्याच्या शब्दाबाहेर नव्हती, दीडच खायची.

त्या सकाळी ती डोळे उघडून भिंतीला टेकली, तशी मी रीत गुंडाळून ठेवली. भाऊजींना म्हटलं, "बसा जात्यावर. आकडा मी मोजते." मी चौथी शिकलेली, तेवढं मोजता येतं. दाण्यांच्या सातव्या मुठीला ते धापा टाकू लागले, अकराव्याला खुंटा सोडला. नाडीवर बोटं ठेवून ठोके मोजले. मग म्हणाले, "ह्यात लई जळतंय की गं."

"व्हय. लग्न झाल्यापासनं जळतंय."

वाटलं, आता तक्ता फाडतील. छे! दळणाचा नवा रकाना आखला. स्वतःच्या तीन खोडून दीड केल्या, आमच्या दीडच्या तीन. वर पोटातल्याला अर्धी. "तेबी लाथा मारतंय, व्यायामच की." दुसऱ्या दिवसापासून नमस्कार सोडून ते आक्कासमोर दळायला बसू लागले. शेजारच्या बायका बघायला यायच्या, तरी उठले नाहीत. इतके वाळले की वखारवाल्यानं थट्टा सोडून दिली.

भाऊजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तक्ता मी ठेवलाय. त्यांच्या हातची शेवटची नोंद आक्काच्या बाळंतपणाच्या दिवशीची आहे: "मुलगी. रडणे, अर्धा तास."

बाळंतपण अवघड गेलं होतं. आक्का जगली. मुलगीही जगली.