बोटीची जमीन

फ्लोअरिंगच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. घर दाखवताना लोक नीट वागतात, भिंतीचा रंग निवडताना जरा कमी नीट, आणि पायाखालच्या गोष्टीवर आले की खऱ्या आवाजात बोलायला लागतात. मी आणि सलीमभाई अत्तार असे आम्ही दोघं पार्टनर, वर्कशॉप वारज्यात. आमचे सगळे किस्से सांगितले तर निम्मी गिऱ्हाइकं तुटतील. पण एका बोटीचे सांगायला हरकत नाही. पुण्यात बोटीचं फ्लोअरिंग करून घेणारं दुसरं गिऱ्हाईक काही आम्हाला मिळायचं नाही.

* * *

दत्ता जगतापांचा फोन आला. "ताई, फ्लोअरिंग करायचंय. शिडी लावलीय, वर या."

"कितवा मजला?"

"मजला नाही. बोट हाय."

जगताप वारज्याचे मूळ गावकरी. गाव शहरात गेलं तसे ते शेतकऱ्याचे बिल्डर झाले. मुंबईत त्यांनी एक जुनी मोटर यॉट घेतली होती, आणि आतलं काम आपल्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे म्हणून ट्रेलरवर घालून सरळ पुण्याला आणली होती. वारज्यातल्या त्यांच्या प्लॉटवर, लोखंडी टेकूंवर, पांढरीशुभ्र बोट उभी. समोरच्या सोसायटीतले एक रिटायर्ड गृहस्थ रोज कंपाउंडपाशी यायचे.

"जगताप, मुठेला पाणी कधी सोडणार ते तुम्हाला आधीच कळलेलं दिसतंय. आम्हालाही सांगा की."

"तुमची सीट नाही काका."

प्लॉटच्या कडेला खुर्ची टाकून जगतापांचे वडील बसलेले असायचे. त्यांना सगळे आबा म्हणत. त्या घराण्याची शेवटची उरलेली जमीन म्हणजे हा प्लॉट. त्याआधीचा, विहिरीचा तुकडा जगतापांनी आबांना न विचारता विकला होता, आणि तेव्हापासून आबा मुलाशी थेट बोलत नव्हते. घर एक, जेवण एका टेबलावर, पण जे काही बोलायचं ते मध्ये तिसऱ्याला घालून. पहिल्याच दिवशी ती ड्यूटी माझ्यावर आली.

"बाई, त्याला सांगा, बोटीच्या सावलीनं माझ्या हरभऱ्याला ऊन मिळंना."

जगताप हाताच्या अंतरावर उभे होते. मी त्यांच्याकडे वळले. "आबा म्हणतात की..."

"ऐकलं," जगताप म्हणाले.

* * *

बोटीत वर एक बैठकीची खोली, बाजूला छोटं किचन, खाली झोपायच्या दोन खोल्या. जगतापांचं ठरलेलं होतं. "बंगल्यात हाय तोच इटालियन मार्बल घाला."

बोट चालवायला त्यांनी कॅप्टन लेल्यांना ठेवलं होतं. जन्मभर मालवाहू जहाजांवर नोकरी केलेले, आता कर्वेनगरला राहणारे. ते शांतपणे म्हणाले, "घाला. फक्त बाहेर बोटीचं नाव लिहू नका. विहीर म्हणून लिहा."

जगतापांचा चेहरा लाल झाला. "कॅप्टन, बोट माझी हाय."

"बोट आपलीच आहे. बुडणारे पाहुणे असतील."

"मला दुसरा कॅप्टन मिळंल."

"मिळेल. पोहता येतं का तेवढं विचारून घ्या." आणि लेले शिडी उतरून निघून गेले.

आत आम्ही तिघं उरलो. जगतापांसमोर कुणी असं बोलल्याचं सलीमभाईंनी आणि मी कधी पाहिलं नव्हतं. काम गेलं, असंच मी धरून चालले. काहीतरी करायचं म्हणून मी सॅम्पलची मार्बलची फरशी उचलून जगतापांच्या हातात दिली. म्हटलं, "जरा धरता का, मी टेप लावते." खोली मोठी नव्हती, पण मी प्रत्येक कोपरा मापला. खिडकीखालचा मापला, सोफ्यामागचा मापला. जगताप फरशी छातीशी धरून उभे. आधी खांदे उतरले, मग हात थरथरायला लागले, पण माणूस हट्टी, खाली ठेवीना.

"अशा किती बसतील?" त्यांनी शेवटी विचारलं.

"खोलीभर," मी म्हणाले.

त्यांनी फरशी ठेवली, मनगटं चोळली आणि फोन काढला. "लेले, या परत. हे बाईमाणूस तुमच्यापेक्षा वाईट हाय."

ठरलं ते असं: हलका मरीन प्लाय, त्यावर सागवानाच्या पातळ पट्ट्या, आणि दोन पट्ट्यांमध्ये पांढरट लाकडाची बारीक रेघ.

* * *

काम अर्ध्यावर आलं होतं तेव्हाची गोष्ट. सलीमभाई खालच्या खोलीत पट्ट्या चिकटवत होते आणि जगताप डोक्यावर उभे राहून बघत होते. मी बाहेर आबा आणि लेल्यांबरोबर चहा पीत होते. शेजारच्या साइटवर टँकर रिकामा करताना पाइप निसटला होता, आणि सकाळपासूनचं पाणी कुणाच्या लक्षात न येता आमच्या प्लॉटमध्ये मुरत होतं. काळी माती ती. वरून कोरडी दिसायची, आतून लोणी झालेली.

आधी लोखंड घासल्याचा आवाज आला. मग एक टेकू जमिनीत खचला आणि एवढी मोठी बोट आमच्या डोळ्यांदेखत एका अंगावर झुकली. शिडी आडवी पडली. आतून सामान घरंगळल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

माझ्या हातातला कप कुठे गेला ते मला आजही आठवत नाही. आबा मात्र खुर्चीतून उठून चिखलात धावले होते.

"दत्ता! दत्ता, भाईर ये!"

लेल्यांनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं आणि वर तोंड करून, जराही न ओरडता, सांगितलं, "आत कुणी धावू नका. उंच बाजूने, भिंतीला धरून, एकेक जण या."

दुसऱ्या बाजूला शिडी लावली. थोड्या वेळाने दारात सलीमभाई दिसले, कपाळावर खोक पडलेली. जगतापांनी त्यांना आधी बाहेर काढलं होतं. सलीमभाई उतरेपर्यंत बोट अजून एकदा कुरकुरली. मग जगताप दिसले. ते एकेक पायरी उतरत होते आणि आबांचे ओठ नुसते हलत होते.

जगताप खाली आले ते थेट आबांसमोर उभे राहिले. अनवाणी, घोट्यापर्यंत चिखलात. दोघांनाही धाप लागलेली. आम्ही सगळे बघत होतो, की आता हे बोलणार.

आबांनी मुलाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग ते सलीमभाईंकडे वळले.

"त्याला म्हणावं, चप्पल घाल. चिखल हाय."

* * *

बोटीच्या फ्लोअरिंगखाली एक पोकळी असते. तिथे पंप, पाइप, व्हॉल्व्ह सगळं असतं, म्हणून फ्लोअरला मध्ये मध्ये उचलायची झाकणं ठेवावी लागतात. बोट क्रेनने सरळ करून काम पुढे सुरू झालं, तेव्हा सलीमभाईंनी प्रत्येक झाकणाभोवती फट सोडली होती. लेल्यांनीच बजावलं होतं, "इथे लाकूड उपाशी आहे. कोकणात गेलं की जेवतं आणि फुगतं."

जगतापांनी बैठकीच्या मधल्या झाकणावरून बोट फिरवलं. "ही फट दिसती."

"दिसणारच, साहेब," सलीमभाई म्हणाले.

"बंगल्यात अशी फट कुठं हाय?"

"बंगला तरंगत नाही."

विषय संपला असं आम्हाला वाटलं. पण आम्ही नसताना जगतापांनी त्यांच्या साइटवरचा सुतार बोलावून तेवढं एक झाकण नवीन करून घेतलं. अगदी घट्ट, नख जाणार नाही असं. सलीमभाईंनी ते पाहिलं. गुडघ्यावर बसून हात फिरवला. बदलू द्या म्हणून जगतापांना परोपरीने सांगितलं, पण ते ऐकेनात.

"तुमच्या माणसाचं काम सुंदर आहे," सलीमभाई उठताना म्हणाले. "फक्त चुकीचं आहे."

* * *

बोट पुन्हा ट्रेलरवरून किनाऱ्याला गेली, आणि काही आठवड्यांनी ट्रायलसाठी आम्हालाही बोलावलं. जगताप, लेले, सलीमभाई आणि मी. हवा चांगली, पाणी शांत. जगताप पाहुण्यांना दाखवावं तसं आमचंच फ्लोअर आम्हाला दाखवत होते.

किनारा बारीक दिसायला लागला तेव्हा एक बारीकशी शिट्टी वाजू लागली आणि सुकाणूजवळ लाल दिवा लागला. लेल्यांनी इंजिन मंद केलं आणि बोट वळवली.

"तळात पाणी येतंय. मधलं झाकण उघडा, व्हॉल्व्ह बंद करायचाय."

सलीमभाईंनी कडी ओढली. झाकण हललं नाही. मी आणि ते दोघांनी मिळून ओढली. कडी हातात आली. लाकूड पोटभर जेवलं होतं. जगताप गुडघ्यावर बसून नखांनी कड शोधायला लागले. शिट्टी चालूच. पायाखाली पाणी डुचमळल्याचा आवाज स्पष्ट येत होता.

सलीमभाईंनी पिशवीतून पटाशी आणि हातोडा काढला. पटाशी झाकणाच्या कडेला, स्वतः बसवलेल्या पट्टीवर टेकवली आणि थांबले. आपल्या हातचं काम फोडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब?"

"फोडा," जगताप म्हणाले.

ढलप्या उडाल्या. शेजारच्या दोन पट्ट्याही गेल्या. भोक पडताच लेल्यांनी सुकाणू माझ्या हातात देऊन खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. मी आयुष्यात स्कूटरशिवाय काही चालवलेलं नाही. समोर नुसता किनारा धरून उभी राहिले. बराच वेळ ते काहीतरी चाचपत होते. मग शिट्टी थांबली. एका पाइपचा क्लॅम्प निसटला होता.

जगताप तिथेच फुटक्या लाकडात बसून राहिले. लेल्यांनी हात पुसला, त्या भोकाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "आता फट पुरेशी आहे."

* * *

दुरुस्ती झाल्यावर घरच्यांना घेऊन बोट निघायची होती. आबांना कुणी बोलावलं नव्हतं. बोलावणार कोण, आणि कसं? पण त्या सकाळी सगळे आवरून बाहेर आले तर आबा गाडीत पुढच्या सीटवर बसलेले. आमची गाडी मागे होती.

समुद्रात गेल्यावर बाकीची मंडळी वर डेकवर फोटो काढत राहिली. आबा आत बैठकीत फ्लोअरवरच मांडी घालून बसले आणि सागवानावरून तळहात फिरवत राहिले. सलीमभाई आणि मी सांधे तपासत होतो. लेले सुकाणूवर. जगताप दारात येऊन उभे राहिले, आत आले नाहीत.

"हे उघडा," आबा झाकणाकडे बोट करून म्हणाले.

सलीमभाईंनी उघडलं. आबांनी वाकून पंप पाहिले, पाइप पाहिले.

"ह्याच्या खाली काय?"

"पाणी," लेले म्हणाले.

"आन् त्याच्या खाली?"

"आणखी पाणी. मग जमीन, आबा."

"तिचा सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

लेल्यांनी सुकाणूवरून मागे वळून पाहिलं. "कुणाच्याच नाही," ते म्हणाले. "सातबाराच नाही तिचा."

आबांनी दोन्ही हातांनी झाकण जागेवर बसवलं. मग मान वर करून सरळ मुलाकडे पाहिलं.

"बरं हाय. म्हंजे ही तरी तुला इकता यायची नाय."

जगताप दारात तसेच उभे होते. मग आत आले आणि आबांच्या शेजारी खाली बसले. लेल्यांनी इंजिन बंद केलं.