प्लेयरला भोक पडलंय!

अंबाबाईची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. प्रत्येक वेळी मी स्वतः हजर होतो. म्हणजे, दोन किश्श्यांना नव्हतो, पण सांगून सांगून आता असल्यासारखंच वाटतं. मंगळवार पेठेत आमचं लग्नं आणि फुटबॉलच्या मॅचेस शूट करून मिक्सिंग करायचं दुकान आहे. तिथं किस्से धुळीसारखे साठतात, झाडावेत तेवढे जास्त उडतात! दुकान माझं आणि सलीमभाईचं. कॅमेरा माझा, कॉम्प्युटर त्याचा.

*

सुरुवात त्याच्या भाच्यानं केली. पोरगं पुण्यात कॉम्प्युटर सिक्युरिटीत आहे. फोनवर म्हणालं, "मामू, तुमचा मीडिया प्लेयर लई जुना हाय. त्यात भोकं असत्यात. कुणी मुद्दाम बिघडवलेली व्हिडिओ फाईल दिली आणि तुम्ही ती लावली, की चोर त्यातनं कॉम्प्युटरमध्ये घुसतोय."

दुसऱ्या दिवशी बघतो, तर सलीमभाईनं स्पीकरच्या जाळीवर चिकटपट्टी मारलेली!

"आवाज हितनंच भाईर येतोय न्हवं? मग चोर बी हितनंच आत जाणार की!"

*

भाच्यानं उपाय सांगितला, प्लेयर अपडेट करून पॅच टाका. सलीमभाईला हळू बोलता येत नाही, त्यामुळं ते शेजारच्या पंक्चरवाल्या बापूंनीही ऐकलं. सोल्युशनची ट्यूब आणि पॉलिश पेपर घेऊन हजर!

"पॅच मारायचाय न्हवं? आदी घासाय लागतंय. कुठनं हवा जातीया, दावा."

*

मग आम्ही धसका घेतला. विचारल्याशिवाय कुणाचा पेनड्राइव्ह लावायचा नाही! नेमकं त्याच आठवड्यात चंदगडचं एक पावणं लेकीच्या लग्नाचं शूटिंग पेनड्राइव्हमध्ये घेऊन आलं.

"पावणं, ह्यात व्हायरस न्हाय न्हवं?"

पावणं दुखावलं. "काय बोलताय! सगळी घरचीच माणसं हायत!"

*

अपडेटची खिडकी रोज उघडायची आणि सलीमभाई रोज 'नंतर' दाबायचा. त्याचा डबा घेऊन आलेल्या वहिनींनी एकदा ते पाहिलं.

"लग्नाचं इचारलं की आमच्या अब्बांना बी ह्ये असंच 'नंतर' सांगत हुते. शेवटी म्याच 'येस' दाबलं!"

*

आणि हा सागरचा. सागर आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. एका कंपनीच्या टीममध्ये गोलकीपर घेणार होते, नोकरीसकट. पण ट्रायलला बोलवायच्या आधी त्यांना त्याच्या खेळाचा व्हिडिओ हवा होता, त्याच संध्याकाळपर्यंत. व्हिडिओ आमच्याकडं तयार होता. सागर प्रॅक्टिस संपवून तो बघायला आला आणि दारातच थबकला. आत सलीमभाई पाठमोरा, फोनवर भाच्याशी बोलत होता.

"न्हाय रं, आता ह्या प्लेयरचा काय भरवसा न्हाय. लई जुना झाला. भोक पडलंय, कुणीबी यावं आन् सरळ आत! कंपनीला व्हिडिओ धाडायच्या आदी ह्याला काढूनच टाकतो. नवा फुकट मिळतोय की!"

सागरनं ग्लोव्हज काउंटरवर ठेवले. डोळे भरलेले.

"व्हिडिओ पुसून टाका, चाचा. न्हाय जायचं मला."

सलीमभाईला काही कळेना. मीच ओरडलो, "अरं येड्या, तू न्हवं! कॉम्प्युटरमधला प्लेयर!"

त्याला खुर्चीत बसवला, स्क्रीन दाखवली, भोकाची सगळी भानगड सांगितली. सलीमभाईनं त्याच्यासमोर अपडेट सुरू केलं. हिरवी पट्टी सरकत सरकत पूर्ण झाली. मग व्हिडिओ लावून बघितला आणि कंपनीला धाडला.

सागरनं ग्लोव्हज उचलले, पण जाईना.

"चाचा, गेल्या फायनलला माझ्या दोन पायांतनं गोल गेलता."

"मग?"

"ह्ये अपडेट माणसाला बी मारता येतंय का?"

एवढं बोलून तो हसला, असं मी पेठेत सगळ्यांना सांगतो. ते हसणं तेवढं मी पदरचं घातलेलं. तो उत्तराची वाट बघत होता.