खांबानं पाहिलेला वाघ

"उपटून फेका हा खांब! वाघ नाई, वाघाचं शेपूट नाई, अन् अख्खं गाव घरात कोंडून ठेवलं!"

हा दिवाकर. माझ्या चुलत दिराचा पोरगा, आमचा उपसरपंच. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभा राहून बोंबलत होता आणि अर्धं गाव माना हलवत होतं.

"फेकून तर दाखव!" मी पदर खोचला. "आधी मले उपट, मग खांबाले हात लाव!"

ऐकताय ना? असं बोलून बसले मी, भर सभेत! माणसानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यावा, एकदा नाही दहादा घ्यावा. पण तो धोंडा स्वतःच डोक्यावर घेऊन, गावभर मिरवून मग पाडायचा, हे काम फक्त माझ्यासारखीच करू जाणे.

भांडण कशाचं, ते सांगते. आमच्या गावाच्या टोकाला, जिथून मोहाची झाडं सुरू होतात, तिथं जंगलखात्यानं खांब रोवला आहे. त्यावर कॅमेरा आणि भोंगा. माणूस गेला, गाय गेली, तर खांब गप्प. वाघ दिसला की त्याचा तो ओळखतो, बोंब ठोकतो, आणि फोटो काढून जंगलखात्याच्या फोनवर धाडतो. त्या दिवशी फटफटताना भोंगा वाजला. मोहावर निघालेल्या बाया टोपल्या टाकून घरात शिरल्या. सकाळभर कोणी बाहेर पडेना. तोवर झाडाखाली गळलेली सगळी फुलं गुरांनी आणि चितळांनी फस्त केली. मोहाचे दिवस ते केवढे! आमच्याकडे घरोघरचं वर्षाचं तेलमीठ त्यावर निघतं. लोक चिडणारच की.

आणि मी खांबाच्या बाजूनं का? एक तर तो आणायला सभेत सगळ्यात जास्त मी भांडले होते. दुसरं म्हणजे माझी धाकटी जाऊ, सगुणा. मागं ती वाकून फुलं वेचत होती, तेव्हा वाघानं पाठीवर झडप घातली. वाचली, पण डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. त्यानंतर तिनं मोहाचं नाव टाकलं होतं. खांब लागला तेव्हा कुठं यंदा पुन्हा टोपली हातात धरली.

खांबाबरोबर नियमही मीच करून घेतला होता : उजाडल्याशिवाय मोहावर जायचं नाही, आणि एकटीनं तर मुळीच नाही. मी शाळेची पायरी चढले नाही. एसटीच्या पाट्या वाचून वाचून अक्षर शिकले. ब्रह्मपुरी, मूल, गडचिरोली, असं. पण नियमाची पाटी माझ्याइतक्या ठणठणीत आवाजात गावात कोणी वाचत नाही. कोणी बाई अंधारात निघाली की मी दारातूनच ओरडते, "काऊन वं, वाघाले नाश्ता नेऊन राह्यली का?"

तर सभा. आमच्या वनरक्षक मॅडम आल्या होत्या, तरणी पोर, पण कामाला पक्की. म्हणाल्या, "सगळं रान पाहिलं. पंजाचा एक ठसा सापडला नाही."

"घ्या!" दिवाकर टाळी वाजवून म्हणाला. "मशीन खोटं बोलते. उद्या बकरीले वाघ म्हणन, परवा मले वाघ म्हणन."

"तुले कोण वाघ म्हणते?" मी म्हटलं. "मशीन आंधळं नसते. वाघ होता! मोठा नर होता!"

"नर? तुले कसं ठाऊक, मोठीमाय?"

"आवाजावरून."

"वाघानं आवाज कवा केला?"

"धापा टाकत होता. तुले ऐकू येत नाई, त्याले मी काय करू?"

"अन् तुले घरात बसून ऐकू आलं?"

"माझे कान चांगले आहेत बाप्पा!"

लोक हसले. मी आणखी पेटले. वाघ कुठून आला, कोणत्या मोहाखाली थांबला, कोणत्या वाटेनं पळाला, सगळं सांगितलं. जीभ सुटली की माझी मलाच आवरत नाही.

तेवढ्यात मॅडमच्या फोनवर फोटो आला. आमच्या गावात नेटवर्क बैलगाडीनं येतं, म्हणून दुपार झाली. त्यांनी पाहिला आणि त्यांचा चेहराच बदलला. फोन हातोहात फिरला. धुरकट उजेड, मोहाचं झाड, आणि खाली जमिनीलगत हे एवढं सुपाएवढं वाघाचं तोंड. जबडा उघडा!

"पाह्य! पाह्य!" मी उड्या मारायच्या बाकी होते. "कोण खोटं बोलून राह्यलं होतं रे दिवाकर?"

दिवाकर आपण होऊन ओट्यावरून खाली उतरला. आयुष्यात पहिल्यांदा. मी विजयानं इकडं तिकडं पाहिलं.

मग मॅडम शांतपणे म्हणाल्या, "गावाच्या इतक्या जवळ वाघ आहे म्हटल्यावर मला धोका पत्करता येणार नाही. साहेबांना कळवते. मोह संपेपर्यंत या बाजूचं जंगल बंद."

"बंद?"

"बंद. तुम्हीच म्हणता ना आजी, नियम म्हणजे नियम."

झालं! सगळं गाव माझ्याकडं वळलं. "कर आता वाघ वाघ!" "हिलेच लय पुळका मशीनचा!" दिवाकर पुन्हा ओट्यावर चढला. "घाल आता आमच्या चुलीत पाणी, मोठीमाय!"

"अरे, मी काय वाघ पाळला हाय का?" असं म्हणत मी फोन ओढून घेतला आणि नीट पाहिला.

मग बोटानं काच पुसून पुन्हा पाहिला.

वाघाच्या कानाशेजारी एक गुलाबाचं फूल होतं. लालभडक, पानासकट.

आता खरं ते ऐका. त्या पहाटे मोहाखाली मी होते. एकटी, उजाडायच्या आधी. माझ्या झाडाची फुलं रोज गुरं आधी खाऊन जायची, ते बघवेना. नियमाचं म्हणाल, तर तो मीच केलेला, त्याच्या मनात काय आहे ते मला ठाऊक. वाघानं माणूस धरू नये, एवढंच ना? मग त्याची सोय मी केली होती! वाघ मागून येतो म्हणून जंगलखात्यानं डोक्याच्या मागं बांधायला माणसाच्या तोंडाचे मुखवटे वाटले आहेत. मी म्हटलं, माणसाच्या तोंडाला वाघ काय भितो? वाघ भिईल तर वाघाला. म्हणून लेकाच्या लग्नात आलेलं जाड ब्लँकेट काढलं, मधोमध वाघाचं तोंड आणि भोवती गुलाब, ते डोक्यावरून पाठीवर घेतलं, कमरेशी घट्ट बांधलं आणि वाकून फुलं वेचायला लागले.

भोंगा वाजला तसा माझा जीव उडाला. मागं वाघ आहे, या भीतीनं मी पळत सुटले. आणि वाघ माझ्या पाठीवर! मी जितकी पळते, तितका तो पळतो. धापा ऐकू येत होत्या त्या माझ्याच. नाल्याच्या चिखलात उताणी पडले, उठले, मागच्या दारानं घरात शिरले.

देवाशप्पथ, सभेत बोलत होते तोवर मला खरोखर वाटत होतं की वाघ होता आणि मी त्याच्या तोंडातून सुटले.

आता काय करावं? बोलले, तर या वयात गावभर हसू. अंधारात जाणाऱ्या बायांना मी काय काय बोलले होते, ते सगळं त्या व्याजासकट परत करणार. गप्प बसले, तर कोणालाच काही कळणार नव्हतं. फोटोत माझं नखही दिसत नव्हतं.

मॅडमनी साहेबांना फोन लावला होता. कानाला धरून उभ्या होत्या. ओट्याखाली सगुणानं आपली रिकामी टोपली उचलली आणि उजव्या हातानं काखेत मारली. मला म्हणाली, "चला बाई. मी म्हणत नव्हती? आपल्या नशिबात मोह नाईच."

तिकडून साहेबांनी फोन उचलला. मॅडम म्हणाल्या, "सर, एक मोठा वाघ..."

तेव्हा मी पदर सोडला, खाली मान घातली आणि म्हटलं, "मॅडम, ठेवा तो फोन, तुमचा वाघ मी सकाळीच साबण लावून धुतला, अन् तो माझ्या अंगणात दोरीवर वाळून राह्यला हाय."