कॅसेटवरचं पूर्ण नाव

आमच्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं घालून घेतात. माझ्या आईने वाटीपासून घागरीपर्यंत सगळ्यावर वडिलांचं पूर्ण नाव घातलं होतं, आणि मी अमेरिकेला निघाले तेव्हा माझ्या डब्यांवर माझं घालून दिलं: स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. लग्नकार्यात भांडं हरवत नाही, एवढाच त्यामागचा हेतू. न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला आल्यावर माझी ही सवय छत्र्या, वह्या, फ्रीझरमधले डबे आणि कॅसेटी यांच्यावर उतरली. तिच्यापायी एकदा शेजारची बाई जवळजवळ बुडाली होती.

त्र्याण्णव साली माझी मुलगी नववीत होती. वर्गातल्या प्रत्येकाला एकेका देशातल्या लोकांचा इतिहास लिहायचा होता. तिच्या वाट्याला रशियन आले. लायब्ररीतून तिने पाच जाड पुस्तकं आणली. त्यांत झार होते, लढाया होत्या, नकाशे होते. लोक मात्र शोधावे लागत होते. शिवाय एका जित्याजागत्या माणसाची मुलाखत टेप करून जोडायची अट होती. ते माणूस आमच्या भिंतीपलीकडेच होतं. बहात्तर वर्षांची एक रशियन म्हातारी दोन वर्षांपूर्वी भाचीकडे राहायला आली होती. भाची दिवसभर कामावर असायची. पांढऱ्या केसांच्या बाईला आजी म्हणायचं, असं मी मुलीला शिकवलेलं, त्यामुळे ही तिची आजी झाली. म्हातारीला तो शब्द आवडायचा.

गुरुवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर मुलाखत झाली. मी ओट्याशी भाजी चिरत ऐकत होते. मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी तिने शंभर-सव्वाशे वर्षं तासाभरात सांगितली. पणजोबा जमीनदाराच्या मालकीचे, एकदा गावासकट विकले गेलेले. आजोबा मोकळे झाले, पण राबणं तेच राहिलं. वडिलांनी दोन गाई आणि एक घोडा केला, म्हणून ते सरकारच्या लेखी श्रीमंत ठरले. ती नऊ वर्षांची असताना माणसं येऊन गाई, घोडा आणि वडील घेऊन गेली. त्याच हिवाळ्यात आई गेली. शहरातल्या मावशीने तिला नेलं आणि आपल्या नवऱ्याचीच मुलगी म्हणून नोंदवलं. तसल्या बापाच्या मुलीला शाळेत किंवा कामावर कुणी घेतलं नसतं.

रशियनांतही मधलं नाव वडिलांचं असतं. मावशीकडे गेल्यापासून तिच्या सगळ्या कागदांवर मधलं नाव काकांचं, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचं आहे. खरं नाव तिने माझ्या मुलीला सांगितलं, एकदाच, टेप चालू असताना.

मला त्या मधल्या नावाची मौज वाटली. आपल्यासारखंच आहे की. संध्याकाळी कॅसेटच्या लेबलवर मी सुवाच्य अक्षरात तिचं पूर्ण नाव घातलं: तिचं, तिच्या खऱ्या वडिलांचं, सासरचं आडनाव, आणि खाली गाव. आपण तिचा मान राखला, अशीच माझी समजूत होती. शुक्रवारी कॅसेट शाळेत गेली.

सोमवारी सकाळी सातपासून टीव्हीवर मॉस्को होतं. रणगाडे त्यांच्याच पार्लमेंटवर गोळे टाकत होते, आणि ती पांढरी इमारत वरच्या मजल्यांवर काळी पडत चालली होती. नवरा न्यूयॉर्कच्या गाडीला गेला होता, मुलगी शाळेच्या बसला. साडेनऊला मी कामावर, लॅबला निघायच्या बेतात होते, तेवढ्यात दार वाजलं. म्हातारी. नाइटगाउनवर कोट, पायात भाचीचे बूट.

तिला कॅसेट परत हवी होती. मी तिला खुर्चीत बसवलं आणि समजावलं, की हे सगळं तिकडे चाललंय, तुम्ही इकडे आहात. ते राज्यच आता उरलं नाही. नववीतल्या मुलीची कॅसेट ऐकायला मॉस्कोहून कोण येणार?

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कॅसेटवर नाव लिहिलंय?"

"तुमचं."

"कुठलं?"

मी सांगितलं. तिने डोळे मिटले.

"मला तिकडची भीती नाही," ती म्हणाली. "इकडची आहे."

तिचा मुलगा अजून तिकडेच होता, आणि त्याचा व्हिसा इंटरव्ह्यू तीन आठवड्यांवर आला होता. त्याच्या फॉर्मवर आईचे वडील म्हणून काका होते, तिच्या स्वतःच्या फॉर्मवरही काकाच, आणि वरील सर्व माहिती खरी आहे अशी शपथ घेऊन तिने सही केलेली. कुणी ते फॉर्म आणि कॅसेटवरचं नाव शेजारी ठेवलं तर मुलगा तिकडेच राहणार आणि कदाचित तीही परत जाणार.

रणगाड्यांतलं मला काही कळत नाही. फॉर्मचं कळतं. माझ्या आईच्या एका दाखल्यावर एक जन्मतारीख आणि दुसऱ्यावर दुसरी, एवढ्यावरून आमची फाइल अकरा महिने अडली होती. मी लॅबला फोन करून उशिरा येते म्हणाले आणि गाडी काढली.

शाळेत कळलं ते वाईट होतं. निवडक कॅसेटी गावच्या लायब्ररीत महिनाभर ठेवायच्या होत्या, येईल त्याने हेडफोन लावून ऐकायच्या. अकरा वाजता खोका जाणार होता. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. खोक्यावर टाइप केलेली यादी होती, आणि तिसऱ्या ओळीत मी घातलेलं पूर्ण नाव.

खरं कारण सांगायची सोय नव्हती. सांगणं म्हणजे तेच उघड करणं. मी शिक्षिकेला म्हटलं की ते मधलं नाव चुकीचं आहे. आमच्या लोकांत वडिलांचं नाव मध्ये घालतात, मी सवयीने भलतंच काहीतरी लिहून बसले. तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. व्हाइटनर काढून यादीतलं ते नाव पुसलं, आणि आमची पद्धत फार इंटरेस्टिंग आहे म्हणाली. बावळट ठरायला माझी हरकत नव्हती. पण कॅसेटच्या आत ते नाव होतंच.

मग मी म्हटलं की टेपच्या शेवटी आमच्या घरातलं खासगी बोलणं चुकून रेकॉर्ड झालंय. तिने भुवया उंचावल्या. तिने ती पूर्ण ऐकली होती. शेवटी फक्त बाई रडल्याचा आवाज होता, म्हणाली. तिने माझ्या मुलीला वर्गातून बोलावलं.

"मॉम, व्हॉट आर यू डुइंग हिअर?"

"घरी सांगते," मी मराठीत म्हटलं. "आजींसाठी आहे. मी म्हणते त्याला हो म्हण."

ती सगळ्यांत चांगली कॅसेट होती, हे तिला माहीत होतं. शिक्षिकेनेही तेच पुन्हा सांगितलं, आणि टेप नसेल तर ए ग्रेड देता येणार नाही हेही. मुलगी खोक्याकडे बघत राहिली. घड्याळात साडेदहा वाजून गेले. बाहेर व्हॅन लागल्याचा आवाज आला.

"रडतेय ती माझी आई आहे," ती शेवटी म्हणाली. "घरचं आहे. प्लीज, आम्हाला परत द्या."

मी कुणासमोर रडल्याचं तिने जन्मात पाहिलेलं नाही. शिक्षिकेने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तिने कॅसेट काढून दिली.

म्हातारी आमच्याच टेबलाशी बसून होती, कोटसुद्धा काढला नव्हता. कॅसेट हातात घेऊन तिने आधी लेबल वाचलं. मग टेप लावायला सांगितली. वडिलांचं नाव येतं तिथपर्यंत मी ती पुढे नेली. तिने ते एकदा ऐकलं, मागे घेऊन पुन्हा एकदा ऐकलं. मग माझी कोथिंबिरीची कात्री मागितली, फीत बाहेर ओढली आणि बोटभर लांबीचे तुकडे करत गेली. शेवटी लेबलही कापलं. मी केर भरला आणि लॅबला गेले.

मुलीला बी मिळाला. ती आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही. आजींशी मात्र बोलत होती.

मार्चमध्ये म्हातारीचा मुलगा आला. पन्नाशीला टेकलेला, उंच, जरा वाकलेला. आईने त्याला आमच्याकडे चहाला आणलं. त्याला खऱ्या आजोबांबद्दल काही माहीत नाही, हे तिने मला आदल्या दिवशी जिन्यात सांगून ठेवलं होतं. त्याने हात पुढे केला आणि फक्त स्वतःचं नाव सांगितलं. पूर्ण नाव विचारणं माझ्या ओठांवर आलं होतं. म्हातारी माझ्याकडेच बघत होती.

चहात साखर किती घालू, ते मी विचारलं.